१९९४ ची शेवी सी१५००: पुढून ४, मागून ६ इंच खाली, आणि काऊल बोनेट

काळी_सिंगलकॅब (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सात महिन्यांचं काम या आठवड्यात संपलं. लिहून ठेवतोय, कारण आपल्या भाषेत या कामाबद्दल मला एक ओळसुद्धा सापडली नव्हती. इंग्रजीतलं सगळं वाचून मग ते अप्पांना फोनवर समजावताना माझी दमछाक व्हायची. अप्पांचं कराडला हायवेलगत कमान-पाट्याचं वर्कशॉप होतं, तीस वर्षं. पुढे त्यांचा उल्लेख वारंवार येईल.

गाडी १९९४ ची शेव्हरले सी१५००, सिंगल कॅब, छोटा हौदा, ५.७ लिटरचं व्ही८. ह्यूस्टनमध्ये १९८८ ते १९९८ च्या या गाड्यांना सगळे 'ओबीएस' म्हणतात, म्हणजे जुन्या बॉडीची. 'सी' म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी, 'के' म्हणजे चारही. हे आधीच सांगतो, कारण सी ला पुढे कॉइल स्प्रिंग आणि के ला टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी असते. खाली घ्यायची रीतच वेगळी. के वाल्यांनी माझं पाहून सामान मागवू नये.

रिकामी पिकअप कंपनीतून येतेच ती मागून उंच. हौद्यात माल पडला की ती सपाट बसावी, हा हिशोब. माझी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे ३४ आणि मागे ३६½ इंच होती. पुढून ४ आणि मागून ६ घेतले की ३० आणि ३०½. म्हणजे जवळजवळ सपाट, पण शेपूट किंचित वर. अर्धा इंच मुद्दाम ठेवला. दोन माणसं मागे बसली तरी गाडी ढुंगण टेकल्यासारखी दिसू नये.

पुढचे ४ इंच दोन ठिकाणांहून आले. २ इंच ड्रॉप स्पिंडलने, २ इंच आखूड स्प्रिंगने. स्पिंडल म्हणजे आपल्याकडचा स्टब एक्सेल. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाची दांडी दोन बॉल जॉइंटच्या मानाने २ इंच वर सरकवलेली असते. गाडी खाली येते, पण वरचा-खालचा आर्म होता त्याच कोनात राहतो आणि चाकाला वरखाली व्हायला जागाही तेवढीच उरते. म्हणून पहिले २ इंच नेहमी स्पिंडलने घ्यावेत असं माझं मत आहे. स्प्रिंगने घेतलेला प्रत्येक इंच हा शॉकअपच्या आणि बंप रबरच्या वाट्यातून जातो.

मागे हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा एक्सेल, मुळात पाट्यांच्या खाली असतं. फ्लिप किट लावलं की ते पाट्यांच्या वर जातं. पाटे तेच, फक्त जागांची अदलाबदल. हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "सेंटर बोल्टचं डोकं कशात बसवणार?" इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही व्हिडिओत कुणी विचारलेला दिसला नव्हता. पाट्यांचा जुडगा बांधणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या गादीतल्या भोकात बसतं आणि तेच हाऊसिंगला पुढेमागे सरकू देत नाही. यू बोल्ट फक्त दाबून धरतात. फ्लिप केलं की डोकं उलट्या बाजूला हवं. म्हणून जुडगा शिकंज्यात धरून सेंटर बोल्ट काढला आणि नवा उलटा घातला. किटमधल्या गादीचं भोक त्या डोक्यापेक्षा जरा मोठं होतं. अप्पांनी पितळी बुश करायला लावलं. इथल्या एका मशीन शॉपने वीस मिनिटांत टर्न करून दिलं.

बोनेटचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो. हात दुखायला लागले.

मिशिगनकर

फार छान. एकच विचारतो. मागून ६ इंच खाली आल्यावर हाऊसिंग आणि चासीमध्ये अंतर किती उरलं? नॉच केला का?

काळी_सिंगलकॅब

केला. फ्लिपनंतर रिकाम्या गाडीला जेमतेम सव्वा इंच उरत होतं. पहिल्याच खड्ड्याला लोखंडावर लोखंड.

सी-नॉच म्हणजे हाऊसिंगच्या नेमक्या वर चासीचा अर्धगोल तुकडा कापायचा आणि कापलेल्या कडेला जाड प्लेटचा पट्टा बसवून ताकद परत द्यायची. प्लेट आधी चासीवर धरून खूण केली, आधी बोल्टची भोकं पाडली, मग कापलं. हा क्रम उलटा करू नका. कापल्यावर प्लेट जुळवायला गेलात तर भोकं हलतात.

हौदा उतरवल्याशिवाय हे काम नीट होत नाही. त्याचे बोल्ट, पेट्रोलच्या तोंडाची नळी, मागच्या दिव्यांचा सॉकेट आणि अर्थची तार. चौथी गोष्ट मी विसरलो होतो. चौघांनी हौदा उचलला तेव्हा ताणली गेली म्हणून कळलं. आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या चासीला आतून पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात. त्या क्लिपांतून सोडवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बाजूला बांधल्यावरच ग्राइंडर हातात घेतला. मुलगा पूर्ण वेळ फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा होता. सोळा वर्षांचा आहे. फोन खिशातून काढला नाही त्याने त्या दीड तासात.

हळू_चला

मी थोडं विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. पिकअप ही ओझ्याची गाडी. तिची चासी कापायची, पाट्यांचा हालायचा वाव घालवायचा, आणि मग हौद्यात काही टाकायचंच नाही. हे माझ्या मनाला पटत नाही. माझे मामा लाकडाच्या वखारीत पिकअप चालवत. त्यांनी हे पाहिलं असतं तर हळहळले असते.

काळी_सिंगलकॅब

राग कसला. अप्पांचीही हीच भाषा होती. माझ्यापुरतं उत्तर असं, की घरात ओझ्याला दुसरी गाडी आहे आणि ही माझ्या मुलाची आणि माझी शनिवारची आहे. हिच्यात आता मी ४०० पाउंडांच्या वर टाकत नाही. पाट्यांची ताकद तीच आहे, पण दबायला जागा कमी आहे. कंपन्यांनीसुद्धा असं केलेलं आहे. १९९१ ची जीएमसी सायक्लोन घ्या. ४.३ लिटरचं टर्बो व्ही६, २८० अश्वशक्ती, आणि माल वाहायची क्षमता ५०० पाउंड. पिकअपच होती तीही.

पण तुमचा मुद्दा एका बाबतीत पूर्ण खरा आहे. अशी गाडी पुढे विकताना घेणाऱ्याला हे तोंडावर सांगायला हवं. मी ग्लोव्ह बॉक्समध्ये कागद ठेवला आहे: काय बदललं, किती कापलं, किती वजन चालेल.

पाटाबुश

सी१५०० चं नाही, पण जुन्या टोयोटा पिकअपवाल्यांसाठी सांगतो. त्यांच्यात मागे हाऊसिंगला दांडीने जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. हौदा खाली दबला की व्हॉल्व्हला वाटतं माल भरला आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. गाडी खाली घेतली की रिकामी असतानाही त्याला भरलेलीच वाटते. ओल्या रस्त्यावर माझी मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी झाली होती, सिग्नलला, समोर शाळेची बस. सुदैवाने अंतर होतं. दांडीचा हाऊसिंगवरचा ब्रॅकेट तेवढाच खाली घेतला आणि प्रश्न सुटला. पण त्याआधी तीन आठवडे मी तशीच चालवत होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सातारी_पिकअप

दादा, मस्त धागा. माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स आहे, सातारा पासिंग. इथे करता येईल का? एक गॅरेजवाला म्हणतो स्प्रिंग दीड वेटोळं कापून देतो, खर्च काहीच नाही.

काळी_सिंगलकॅब

सातारी भाऊ, दोन वेगळी उत्तरं.

कायद्याचं आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर तुमची बाजू लंगडी पडेल. करू नका असंच सांगेन.

दुसरं, स्प्रिंग कापणं. हे इथेही कुणी करू नये. गॅस कटरने कापलं तर उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि त्या जागी स्प्रिंग बसते किंवा तुटते. थंड कापलं तरी उरलेली स्प्रिंग आखूड आणि कडक होते, टोक गादीत नीट बसत नाही, आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. अप्पांनी वर्कशॉपमध्ये कापलेल्या स्प्रिंगची गाडी कधी पुढच्या कामाला घेतली नाही. परत पाठवायचे.

शॉपफ्लोअर

पुढची कॉइल स्प्रिंग काढताना काय काळजी घेतली ते लिहा. नवीन मुलं वाचतात.

काळी_सिंगलकॅब

बरं झालं विचारलंत. सगळ्या कामात मला भीती वाटली ती इथेच.

गाडी चासीखाली घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. खालच्या आर्मखाली वेगळा जॅक, किंचित दाब देऊन. या गाडीत शॉकअप स्प्रिंगच्या पोटातून जातो, तो आधी खालून काढला. मग स्प्रिंगच्या वेटोळ्यातून आणि आर्ममधून साखळी ओवून कुलूप लावलं, थोडी सैल. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे ठेवायचे. मग स्पिंडलवर, जिथे बॉल जॉइंटची निमुळती दांडी बसते तिथे बाजूने हातोड्याचा ठोका. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला दांडी सुटते आणि नटावर येऊन थांबते. तो 'टक्' आवाज अख्ख्या गॅरेजमध्ये घुमतो. नट नसता तर त्या आर्मने काय केलं असतं हे त्या आवाजात कळतं. त्यानंतरच जॅक परत दाबाला घेऊन नट काढायचा आणि जॅक एकेक इंच खाली.

नव्या स्पिंडलवर हब बसवताना ब्रेकची चकती फिरवत फिरवत नट आवळायचा, मग सैल करायचा, मग फक्त बोटांनी टेकवायचा आणि कॉटर पिन. जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं.

अलाइनमेंटला गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना कॅम्बर उणे दीड अंशापलीकडे होता, म्हणजे चाकं वरून आत झुकलेली. वरच्या आर्मच्या ब्रॅकेटमध्ये कंपनीनेच पाडायच्या खुणा दिलेल्या असतात. त्या फोडून कॅम बोल्ट बसवले की कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने पाहताना चाकाच्या जोडाचा पुढेमागे कल) लावता येतो. पहिल्या दुकानाने "टो लावून दिला, बाकी बसत नाही" म्हणून पूर्ण पैसे घेतले होते. टो म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली ते. दुसऱ्याने कॅम बोल्ट टाकून अर्ध्या अंशाच्या आत आणलं.

रस्तेमाप

हेडलाइट (झोताची उंची) परत लावलेत का? तुमचा पुढचा-मागचा फरक २ इंचांनी बदलला आहे. सिंगल कॅब छोट्या हौद्याचा व्हीलबेस ११७.५ इंच. म्हणजे नाक जवळपास १ अंश वर झालं. २५ फुटांवरच्या भिंतीवर प्रकाशाची रेघ दिव्याच्या उंचीच्या मानाने सुमारे ५ इंच वर जाते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

काळी_सिंगलकॅब

नव्हते लावले. तुमचं वाचून काल रात्री भिंतीसमोर उभी केली. शेजाऱ्याच्या खिडकीत जात होता प्रकाश. मापून लावले आता. पहिल्या पोस्टमध्ये ही गोष्ट हवीच होती.

डॅलसकरीण

टेक्सासवाल्यांसाठी: १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे. काही काउंट्यांत धुराची चाचणी आहे, पण इतकी जुनी गाडी तिच्यातून सुटते. म्हणजे आता तुमचं काम तपासणारं कुणीच नाही. हेडलाइटची उंची मात्र कायद्याने २४ ते ५४ इंचांत हवी. ज्यांना जमिनीला टेकवायची हौस आहे त्यांनी हे मापावं. आणि बोनेटचं कधी लिहिताय?

काळी_सिंगलकॅब

आता बोनेट.

जुनं बोनेट मध्यावर वाकलं होतं. बिजागऱ्यांत गंज धरून त्या जाम झाल्या, आणि बंद करताना कुणीतरी जोर लावला की पत्रा त्याच्या घडीच्या रेषेवर दुमडतो. म्हणून नव्या बोनेटच्या आधी बिजागऱ्या काढून डिझेलमध्ये भिजवल्या, ग्रीस दिलं, आणि एका बोटाने हलेपर्यंत पुढे गेलो नाही.

मी पोलादी घेतलं, २ इंच उंचवट्याचं काऊल बोनेट. काऊल म्हणजे काचेच्या पायथ्याची पन्हाळ. गाडी वेगात असताना वारा काचेवर आदळून तिथे हवेचा दाब वाढतो. काऊल बोनेटचं तोंड मागे, काचेकडे असतं ते ती दाबाची थंड हवा इंजिनला मिळावी म्हणून. शेव्हरलेने साठच्या दशकाच्या शेवटी कॅमेरोला ही सोय देऊ केली होती आणि १९७० च्या शेव्हेल एसएसला तर उघडझाप करणारी झडप होती. पुष्कळ लोक समजतात की मागच्या फटीतून इंजिनची उष्णता बाहेर जाते. सिग्नलला उभं असताना जाते, तिथून वाफ निघालेली मी पाहिली आहे. पण ६० मैलांच्या वेगात तिथे दाब बाहेरून आत असतो, त्यामुळे जात नाही. आणि एअर क्लीनर बोनेटला रबराने जोडलेला नसेल तर ती हवा नुसती इंजिनवर पसरते. मग ते बोनेट दिसायलाच.

मला ते चालतं करायचं होतं. एअर क्लीनरच्या वरच्या कडेपासून बोनेटच्या आतल्या पत्र्यापर्यंत अंतर किती, ते बंद बोनेटमध्ये मोजणार कसं? बायकोने पोळ्यांची कणीक भिजवली होती. तिच्याकडून चार गोळे घेतले, लिंबापेक्षा मोठे, घट्ट. क्लीनरच्या कडेवर चार दिशांना ठेवले, वर प्लास्टिकचा कागद, आणि बोनेट हळूच टेकेपर्यंत खाली आणलं. उघडल्यावर गोळे चपटे झालेले. सुरीने मधोमध कापून पट्टीने मोजले: पुढे १¼ इंच, मागे १¾, डावी-उजवी दीड. म्हणजे रबराची कडी एकसारखी चालणार नव्हती, उतरती हवी होती. फोमची पट्टी तशी कापली. पावसाचं पाणी त्या वाटेने येतं म्हणून क्लीनरच्या तळाला दोन बारीक भोकं पाडून निचरा ठेवला. ह्यूस्टनच्या पावसात त्याशिवाय धाडस करू नये.

आता बसवण्याचं. रंग देण्याआधी पूर्ण बसवून पाहा. माझ्या बोनेटला काळं इलेक्ट्रोकोट होतं. ते गंजापासून वाचवण्यापुरतं असतं, तयार प्रायमर समजू नये. ३२० च्या पॉलिश पेपरने खरडून एपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो. त्याआधी दोघांनी धरून बिजागऱ्यांना चार बोल्ट सैलसर लावले. मडगार्डच्या आणि काऊलच्या कोपऱ्यांवर मास्किंग टेपचे तीन-तीन थर, कारण पहिल्यांदा बंद करताना मागचे कोपरे काऊलला घासतातच. क्रम असा ठेवला: आधी मागची फट, मग बाजूच्या फटी, मग मागची उंची, शेवटी पुढच्या रबरी बटणांनी पुढची उंची. लॉकचा खिळा या सगळ्यात काढूनच ठेवला होता. तो असला तर बोनेटला स्वतःकडे ओढतो आणि आपल्याला वाटतं फट जुळली.

फट बघायला मी ५ मिलिमीटरची लाकडी पट्टी केली. डावीकडे ती वरपासून खालपर्यंत सरकत होती. उजवीकडे मध्यावर अडकायची. दोन रविवार गेले. शेवटी कळलं की दोष बोनेटचा नव्हताच. उजव्या मडगार्डला आधीच्या मालकाने बोल्टखाली दोन वॉशर जास्त टाकले होते. एक काढला, पट्टी सरकली. सगळं जुळल्यावर बिजागरी आणि बोनेटच्या पत्र्यातून आरपार ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडली. रंगाला बोनेट उतरवून परत लावताना त्यात ड्रिलचे मागचे टोक घातले की पुन्हा शून्यापासून सुरुवात नाही.

मिशिगनकर

फायबरग्लास का नाही घेतलं? हलकं असतं.

पाटाबुश

मी सांगतो, मी घेतलं होतं. बिजागरीच्या स्प्रिंगा पोलादी बोनेटच्या वजनाला केलेल्या. हलक्या बोनेटवर त्या इतक्या जोरात ढकलतात की मागचा भाग वाकून फुगतो. माझ्या बोनेटला चार महिन्यांत बिजागरीजवळ केसाएवढ्या चिरा आल्या, रंगातून दिसणाऱ्या. स्प्रिंगा काढून दांडी लावली, आणि पुढे बोनेट वरून अडकवणाऱ्या दोन हूड पिना. फायबरचं बोनेट नुसत्या लॉकवर हायवेला नेऊ नये. ते वेगात उलटून काचेवर आलं तर पुढचं काही दिसत नाही. पिना आवडत नसतील तर पोलादी घ्या.

डॅलसकरीण

चाकं कोणती?

काळी_सिंगलकॅब

मूळची २३५/७५ आर१५, आता २५५/४५ आर२०. पहिल्याचा व्यास २८.९ इंच, दुसऱ्याचा २९.०. म्हणून स्पीडोमीटर खरा राहिला. २० चं चाक मोठं दिसतं, पण गाडी त्याने उंच होत नाही.

हळू_चला

सगळं वाचलं. मत बदललं म्हणणार नाही, पण ग्लोव्ह बॉक्समधला कागद आवडला. एक राहिलं: मागे ट्रेलरचा हुक ६ इंच खाली आला असेल.

काळी_सिंगलकॅब

हो. तो मी काढूनच टाकला, कुणी चुकून काही जोडू नये म्हणून. ज्यांना ठेवायचा असेल त्यांनी उलटा, वर चढणारा बॉल माउंट घ्यावा.

आणि फ्लिप करणाऱ्यांनी ५०० मैलांनंतर यू बोल्ट परत आवळा. माझे आठही नट पाव ते अर्धा फेरा गेले. काल ते आवळताना अप्पा व्हिडिओवर होते. मुलाने फोन गाडीखाली धरला, टॉर्चच्या उजेडात. अप्पांनी आधी पितळी बुश दाखवायला सांगितलं, मग पाट्यांची टोकं, मग प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. नंतर म्हणाले, "आता बोनेट लाव बघू." मुलगा बाहेर आला, एका हाताने बोनेट खाली आणून सोडलं. लागलं.